लॉनवरची डावी पावलं

आमचे भावोजी, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, इस्पितळाच्या बागेत माळी होते. मी त्याच इस्पितळाच्या धुलाईघरात होते. मेहुणी एकाच आवारात कामाला, म्हणजे त्यांना ना घरी सुटका ना कामावर. मी त्यांना भरपूर छळलं आणि त्याबद्दल मला काडीचाही पश्चात्ताप नाही.

मुख्य इमारतीसमोरच्या मोठ्या लॉनमध्ये त्यांचा जीव होता. दव असताना त्यावर कोणी पाऊल टाकलं की ते लांबूनच ओरडायचे. ताईलासुद्धा सोडत नसत. सगळे त्यांना गवत-डॉक्टर म्हणायचे आणि ते ऐकून त्यांची मान आणखी ताठ व्हायची. आसपासच्या बंगल्यांतूनही बोलावणी यायची. गवत पिवळं पडलं की लोक सरळ औषध फवारतात, याचा त्यांना भारी राग. "आधी रोग ओळखा, मग बाटली उघडा!"

स्वतः मात्र गुडघे टेकून बसायचे आणि मूठभर गवत धरून ओढायचे. चटईसारखं अलगद वर आलं, तर खाली हुमणीच्या अळीने मुळं फस्त केलेली. नाही आलं, तर बादलीभर साबणाचं पाणी ओतून वाट बघायची. अळ्या असल्या तर धडपडत वर येतात. सकाळच्या दवात पांढरे धागे दिसले तर बुरशी, मग संध्याकाळचं पाणी बंद. डागाभोवती गर्द हिरवं कडं असलं तर तो कुत्र्याचा कारभार, तिथे औषध नको, भरपूर पाणी ओता. आणि पात्यांची टोकं फाटून पांढुरकी झाली असली तर किड्यांना कशाला बोल लावता, गवत कापायच्या यंत्राला धार लावा. एवढं झालं की मालकाकडे वळून ठरलेला प्रश्न: "आधी का नाही बोलावलंत?" माणसं खोटं बोलतात, गवत बोलत नाही, हे त्यांचं ब्रह्मवाक्य.

आणि या माणसाचा स्वतःचा डावा पाय वर्षभर फरफटत होता.

ते पहिल्यांदा ताईच्या कानांनी टिपलं. "अहो, तुमच्या चपलेचा आवाज बदललाय," ती म्हणाली.

"चप्पल जुनी झालीय."

ताईने नवी चप्पल आणली. नव्या चपलेचाही तोच आवाज. मग जिन्यात अडखळले, तर पायऱ्या वाकड्या. उंबऱ्याला ठेचकाळले, तर उंबराच उंच. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात. यांना तर वळसाही घ्यायचा नव्हता. नसांचे डॉक्टर वर तिसऱ्या मजल्यावर बसायचे, त्यांच्या खिडकीतून यांचंच लॉन दिसायचं.

एकदा डबा खाताना मी म्हटलं, "भावोजी, वर जाऊन या ना. डॉक्टर काही तुम्हाला मूठभर धरून उपटणार नाहीत."

ते हसले. मग डब्यात बघत म्हणाले, "या लॉनच्या कडेने चालत आत गेलेली माणसं मी चाकांच्या खुर्चीत बाहेर येताना बघितलीयत. माळ्याचे पाय गेले तर त्याचं राहतं काय?"

घरी ताई त्यांच्या मागेमागे चालायची, पडलेच तर धरता यावं म्हणून. तिच्यासाठी माझा जीव तुटायचा आणि त्यांचा संताप यायचा, दोन्ही एकदमच.

अशात एकदा फाटकाजवळच्या फरशांच्या फटींत तण माजलं. भावोजी गमबूट घालून तणनाशक मारत होते. ते औषध समोर येईल ते हिरवं मारतं, म्हणून बूट धुतल्याशिवाय लॉनवर पाऊल टाकायचं नाही, हा त्यांचाच नियम. तेवढ्यात लॉनपलीकडे एका आजींच्या खुर्चीचं चाक फुलांच्या वाफ्यात रुतलं आणि खुर्ची कलंडायला लागली. भावोजी तसेच लॉन तुडवत गेले आणि त्यांनी खुर्ची सावरली. आजी वाचल्या. बुटांचा विचार कोणाच्याच डोक्यात आला नाही.

आठवड्याभराने लॉनवर पिवळे डाग उठले. अधीक्षकबाई घाबरल्या. "कीड लागली वाटतं, फवारून टाका!"

"आधी बघू तर द्या," भावोजी म्हणाले. गवत ओढलं, मुळं घट्ट. साबणाचं पाणी ओतलं, एक गांडूळ तेवढं चिडून वर आलं. दवात धागे नाहीत, डागांना हिरवं कडं नाही, यंत्राची धार नवीकोरी. गवत-डॉक्टर हरले. लोकांना गंमत वाटली. मलाही वाटली, खोटं कशाला बोलू?

दुसऱ्या दिवशी मी धुलाईघराच्या गच्चीवर चादरी वाळत घालत होते. सहज खाली बघितलं आणि ओरडलेच, "भावोजी, वर या! चोर सापडला!"

ते कठडा धरून वर आले, बराच वेळ लावून. मी बोट दाखवलं. जमिनीवरून जे नुसते डाग वाटत होते, ती वरून पावलं होती. फाटकापासून थेट वाफ्यापर्यंत बुटांच्या पिवळ्या ठशांची रांग.

त्यांनी कपाळावर हात मारला. "तणनाशक! मीच की गं तो!"

मी हसून हसून बेजार झाले. आणि मग माझं हसू थांबलं. उजवी पावलं शिक्का मारल्यासारखी स्वच्छ होती. प्रत्येक डाव्या पावलामागे मात्र एक पिवळं शेपूट होतं, पाय जिथून फरफटत आला तिथपासूनचं. वाफ्याकडे जाता जाता ती शेपटं लांब होत गेली होती.

भावोजींनी बोटाने एकेक शेपूट मोजलं. शेवटी म्हणाले, "तुझ्या ताईला बोलावून घे. वर जाऊन येऊ." बायकोचं ऐकलं नाही, मेहुणीचं ऐकलं नाही, गवताचं ऐकलं.

डॉक्टरांनी गुडघ्यावर हातोडी मारून बघितली, चालायला लावलं, कमरेचे फोटो काढायला सांगितले. मग चष्मा काढून विचारलं, "आधी का नाही आलात?"

भावोजींनी माझ्याकडे बघितलं. मी खिडकीबाहेर बघत राहिले. टोमणे मारायला पुढे अख्खं आयुष्य पडलं होतं.

कमरेत नस दाबली गेली होती. शस्त्रक्रिया झाली. पाय पूर्ण सुधारेलच असं नाही, उशीर झालाय, हे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं. लॉनवरची मेलेली पावलं उकरून तिथे नवं बी टाकलं गेलं, तेव्हा भावोजी वॉर्डच्या खिडकीतून सूचना करत होते आणि खाली कोणालाही काही ऐकू येत नव्हतं.

पुढे चालायची मोकळीक मिळाली, त्या सकाळी ते आम्हा दोघींना घेऊन लॉनपाशी आले. गवतावर दव होतं. त्यांनी चपला काढल्या आणि स्वतःचाच नियम मोडून अनवाणी चालत गेले. मागे दवात पावलांची गर्द ओळ उमटत गेली. पलीकडच्या कडेला ते आमच्याकडे पाठ करून उभे राहिले. मागे वळून बघायचा धीर त्यांना होत नव्हता.

"शेपूट आहे का गं?"

ताई लॉनवर उतरली. एकेका डाव्या पावलापाशी वाकून बघत ती त्यांच्यापर्यंत पोचली.

"आहे," ती म्हणाली. "पण अगदी एवढंसं."

"म्हणजे मुळं शाबूत आहेत," भावोजी म्हणाले.

ताई तिथेच ओल्या गवतावर बसली आणि हमसून हमसून रडली. भावोजी तिला उठ म्हणाले नाहीत.