मफलरमधला रुसवा

कंपू मोहल्ल्यातल्या जनावरांच्या दवाखान्यात मी मांजर घेऊन बसले होते. शेजारी एक मिशीवाले गृहस्थ होते आणि त्यांच्या मांडीवर, त्यांच्याच मफलरमध्ये गुंडाळलेला कुत्रा. ते त्याच्यापुढे सारखे हात जोडत होते. घरच्या माणसाचीसुद्धा इतकी मनधरणी कोणी केलेली मी पाहिली नव्हती.

"परवा ह्यांनी माझी तीळ-गुळाची गजक खाल्ली, मी जरा डांटलं," ते मला म्हणाले. "तेव्हापासून रुसलेत. जेवत नाहीत, दूधवाल्यावरसुद्धा भुंकत नाहीत. आता किती माफी मागू?"

तरुण डॉक्टरबाईंनी कुत्र्याचा ताप पाहिला. "काका, रुसला नाहीये तो. इन्फेक्शनशी लढताना शरीर काही प्रोटीन बनवतं. ती मेंदूला सांगतात, खाऊ नको, कोणाजवळ जाऊ नको, बस कोपऱ्यात पडून राहा."

"म्हणजे माझ्यावर राग नाही?"

"बिलकुल नाही."

गृहस्थांचा चेहराच उतरला. "मग दोन दिवस मी प्रोटीनची माफी मागत होतो?"

डॉक्टरबाईंनी इंजेक्शन टोचलं. कुत्रा कळवळला. त्यानं मालकाकडे रागानं पाहिलं आणि पाठ फिरवून बसला.

गृहस्थांची मिशी खुलली. "बघा, आता खरंच रुसले!" ते म्हणाले आणि मोठ्या समाधानानं त्यांनी पुन्हा हात जोडले.