बाटलीला दाखवलेलं ऊन

आमचे भासरे, म्हणजे माझ्या नवऱ्याचे थोरले भाऊ, मेडशीच्या अलीकडच्या आमच्या गावात सगळ्यांत शहाणे होते. असं ते स्वतःच सांगायचे. पेरूला आमच्याकडे जांब म्हणतात. जांब कापला की आत पांढऱ्या अळ्या वळवळायच्या आणि हे महाशय पानांवर पावडर फुंकत फिरायचे. माशी फळात अंडी घालते, फळ पडलं की अळी मातीत शिरते आणि तिथूनच माशी होऊन वर येते, हे त्यांच्या गावीही नव्हतं. शेवटी त्यांनी हुकूम सोडला, "या साली बी किडे निघाले तं झाडं तोडून टाकतो."

ती झाडं मी लावली होती, लग्नाच्या पहिल्या वर्षी, डोक्यावरून पाणी वाहून.

माझा भाऊ शेतकी कॉलेजात होता. भादव्यात तो गढूळ पाण्याची एक बाटली घेऊन आला. त्यात डोळ्यांना न दिसणारे कृमी होते, मातीतल्या अळीच्या पोटात शिरून तिला मारणारे. "परयोगाचं हाये ताई, खातरी नाई," तो म्हणाला. "पन जित्ते हायेत. सावलीत ठेव, अन् सांजच्याले ओल्या मातीत ओत."

भासऱ्यांशी धाकट्या सुनेनं बोलायचं नाही, ही आमच्या घरची रीत. म्हणून मी नवऱ्याला सगळं सांगितलं. त्यानं माझ्यासमोर मान डोलावली आणि भावासमोर खाली घातली. बाटली भासऱ्यांच्या हाती गेली. डाळ असो, बियाणं असो की गोधडी, आमच्याकडे प्रत्येक वस्तूला आधी ऊन दाखवायचं, किडे मरतात म्हणून. त्यांनी बाटलीही छपराच्या टिनावर ठेवली. दोन दिवस!

अंगणातून ती मला दिसत होती. मी रीत पाळत बसले. भासऱ्यांची कीव तरी येते, त्या वेळच्या माझी तीही येत नाही.

तिसऱ्या दिवशी त्यांनी ते मेलेलं पाणी मोठ्या थाटात झाडांना घातलं. पुढच्या तोड्यातला पहिलाच जांब कापला, तर अळ्या. भासरे ओट्यावरून नवऱ्याला म्हणाले, "तुया सायाचं, त्या कालेजवाल्याचं, औसद बेकार निघालं." आणि कुऱ्हाड काढली.

शेवटचं झाड आडवं झालं तेव्हा मी पुढे गेले. "औसद बेकार नवतं," मी म्हणाले. "तुमी त्याले उनात मारलं."

गावात चर्चा झाली ती सुनेनं भासऱ्यांना उलट बोलल्याची. झाडांबद्दल कोणी चकार शब्द काढला नाही. आणि मी काढला, तेव्हा वाचवायला एकही उरलं नव्हतं.