चिंचेने घासलेली दुनळी

देवासला संस्थानच्या शिलेखान्यात, म्हणजे हत्यारांच्या कोठारात, मी नाईक म्हणून रुजू झालो. माझ्यावर हवालदार गणोजी शेळके होता. सकाळी परेड, मग हत्यारांची मोजदाद, मग तेलपाणी. बंदुकीवर बोटाचा ठसा दिसला तर गणोजीला जेवण गोड लागत नसे. आम्ही त्याची थट्टा करायचो, पण त्याच्याच हाताखाली शिकलो.

त्या वर्षी दसऱ्याआधी धारच्या एका सरदारांची विलायती दुनळी बंदूक आतली कमान, म्हणजे स्प्रिंग, बदलायला आमच्याकडे आली. दसरा झाल्यावर त्यांचे कारभारी ती न्यायला आले. त्यांनी कापड उलगडलं आणि त्यांचा चेहराच उतरला.

"हवालदार, ये हमारी नहीं है. आमच्या बंदुकीच्या चापावरच्या पोलादी पेटीवर निळे-जांभळे ढग होते. ही तर पांढरी फटक! अस्सल ठेवून घेतलीत काय?"

"तीच आहे. नंबर पाहा," गणोजी म्हणाला.

"नंबर तो कोई भी ठोक दे, भिया."

प्रकरण कॅप्टनसाहेबांकडे गेलं. चोरी ठरली असती तर गणोजीचा पट्टा उतरला असता आणि पलटणीतून नाव कटलं असतं. साहेब स्वतः शिकारी, विलायती बंदुकांचे दर्दी.

"नाईक, टेबल उजेडात घे."

"जी साहेब."

"गणोजी, काय केलंस?"

"साहेब, शस्त्रपूजेला मांडायची होती. पेटीवर डाग होते. चिंच आणि राख लावून घासली. मीच."

कारभारी हसले. कोणीही हसलं असतं. पण दसऱ्याला आमच्याकडे देवाची भांडी आणि हत्यारं एकाच हौसेने उजळत, हे मला ठाऊक होतं. कारखान्यात भट्टीत चढवलेला रंग त्या बिचाऱ्याने त्याआधी कधी पाहिला नव्हता, म्हणून त्याला ते डाग वाटले. मीही पाहिला नव्हता.

साहेबांनी भिंग घेतलं. मी वाकून बघत होतो. मला त्या क्षणी गणोजीची काळजी होती आणि बंदुकीचं कुतूहलही तेवढंच होतं. साहेबांनी आधी नक्षीच्या रेघांवरून नख फिरवलं. कडा अजून बोटाला लागत होत्या. दुसऱ्या बंदुकीचा नंबर घालवायला कानस फिरली असती तर त्या बोथट झाल्या असत्या. मग दस्त्याचं लाकूड पाहिलं. पोलादाला भिडतं तिथे ते केसभर वर होतं. "पुन्हा घासून पॉलिश केलेलं लाकूड खाली बसतं, हे मूळचंच आहे," साहेब म्हणाले. कारभाऱ्यांना पटलेलं दिसत नव्हतं.

"नाईक, नळ्यांखालचं लाकूड काढ."

मी ते काढलं. खाली, जिथे हात पोचत नाही त्या खाचेत, निळा रंग होता. त्याच्या कडेला जांभळा आणि मध्ये गवती पिवळा. मी असा रंग लोखंडावर पहिल्यांदाच पाहत होतो. माझ्या तोंडून "अहाहा" निघालं आणि साहेबांनी माझ्याकडे रोखून पाहिलं.

"कारभारी, नकली माल करणारा रंग कुठे लावेल?"

"दिसेल तिथे."

"इथे दिसतं तिथे रंग नाही, आणि लपलंय तिथे आहे. अशी नक्कल कोण करील?"

कारभाऱ्यांनी भिंग घेतलं आणि बराच वेळ पाहिलं. मग टोपी सारखी करत म्हणाले, "बंदूक आमचीच. हवालदार, माफ करना."

गणोजीने ते ऐकलंच नाही. "साहेब, तो रंग परत येईल?"

"इथे नाही. तसा तर नाहीच."

चोर म्हटलं तेव्हा जो ताठ उभा होता, तो आता फेट्याच्या शेवाने डोळे पुसू लागला. मला त्याचा फार अभिमान वाटला. दुसऱ्या दिवसापासून शिलेखान्यात चिंच आणायला बंदी झाली.

पुढे इंग्रजांच्या जर्मनांशी चाललेल्या मोठ्या लढाईसाठी संस्थानाकडून माणसं मागितली गेली. गणोजीने नाव दिलं. इराकात बसऱ्याकडच्या मोहिमेत तो पडला. मी मात्र इथेच राहिलो. बातमी सांगायला त्याच्या घरी गेलो तेव्हा माझ्या मनात एकच घोळत होतं: त्या दिवशी रंग सापडला नसता तर नाव कटलं असतं, आणि नाव कटलं असतं तर तो आज जिवंत असता. त्याच्या बायकोपुढे, वहिनींपुढे, हे तोंडून निघूनच गेलं.

त्या म्हणाल्या, "भावजी, चोर म्हणून घरी बसवलं असतं, तर ते माझ्या हातचं जेवले तरी असते का?"