बायंडर मास्तरांचा दाखला

१९८१ च्या सप्टेंबरात वर्ध्याजवळच्या सिंदी मेघे इथल्या एका बायंडरने आपल्या मोठ्या मुलासाठी शाळा सोडल्याचा खोटा दाखला आणला. मुलाने तो वापरला नाही. दहावीच्या फॉर्मची मुदत दुसऱ्या दिवशी संपली.

हे बायंडर माझे शेजारी. वर्ध्यात मी ज्या साप्ताहिकात काम करत होतो, त्याच्या जुन्या अंकांच्या फायली तेच शिवत. त्या वर्षांत तुम्ही वर्ध्यात असाल, तर कॅरिअरवर पुठ्ठे बांधलेली सायकल हाताने ढकलत नेणारा उंच माणूस तुम्हीही पाहिला असेल. पुठ्ठे वाकतील म्हणून ते सायकलवर बसत नसत.

"मंग सायकल काऊन घेतली, मास्तर?" आमचा कंपोझिटर विचारायचा.

"पुठ्ठ्यायसाठी. माह्यासाठी पाय आहेत."

मास्तर ते खरोखरच होते. तळेगावकडच्या एका खेड्यात त्यांनी सात वर्षं शिकवलं. तपासणीच्या दिवशी गैरहजर मुलं हजर दाखवा, असं मुख्याध्यापकांनी सांगितलं. शेजारच्या वर्गाच्या शिक्षकाने दाखवली, यांनी दाखवली नाहीत. महिनाभरात राजीनामा देऊन ते बायको आणि तान्ह्या मुलासह इकडे आले. पुढे आणखी एक मुलगा झाला, पण दोघांपैकी एकालाही त्यांनी शाळेत घातलं नाही. कोणी विचारलं की उत्तर ठरलेलं असे.

"कारकून नाई बनवून राह्यलो, भाऊ. माणूस बनवून राह्यलो."

सकाळी सहाला स्तोत्र आणि प्रार्थना. मग पाटीवर गणित. इंग्रजीसाठी बायबलातला नवा करार, भूगोलासाठी आमच्या फायलींतले कापसाच्या बाजाराचे भाव. दुपारी दोन्ही मुलं खळ ढवळत आणि दोरा ओवत. संध्याकाळी कंदील लागला की प्रत्येकाने त्या दिवशी बोललेलं खोटं सांगायचं, असा नियम होता. पहिला नंबर मास्तरांचा. "गिऱ्हाइकाले मंगळवार सांगितला. गुरुवार लागन हे मले माहीत होतं," असं ते सांगत, आणि मुलं गंभीरपणे ऐकत.

मोठा मुलगा दानिएल दहा वर्षांचा असताना एकदा सकाळीच माझ्या दारात उभा राहिला.

"काका, काल तुमच्या झाडाची दोन सीताफळं मी खाल्ली."

मी म्हटलं, मला कळलंसुद्धा नव्हतं, आणखी एक घेऊन जा.

"नाई काका. पहिले माफ करा."

मी माफ केलं. मग त्याने तिसरं सीताफळ घेतलं आणि धाकट्याला दिलं.

अठराव्या वर्षी दानिएलने आमच्या छापखान्याचं बंद पडलेलं मशीन एका दुपारीत सुरू केलं. ते पाहून मालकांनी त्याला हिंगणघाटच्या एका गिरणीतल्या फोरमनकडे पाठवलं. फोरमनने आठवडाभर काम पाहिलं. "हात चांगला आहे. अप्रेंटिस म्हणून घेतो. पण दहावी लागते. पुढच्या जूनपर्यंत पास होऊन ये, त्यानंतर वयात बसणार नाहीस," असं त्याने सांगितलं.

दानिएलने हे घरी सांगितलं तेव्हा ऑगस्ट संपत आला होता. इतक्या वर्षांत मुलाने पहिल्यांदाच काही मागितलं होतं.

खाजगी विद्यार्थी म्हणून फॉर्म भरायला मास्तर गेले तेव्हा मी सोबत होतो.

"आधी कोणत्या शाळेत होता?" कारकुनाने विचारलं.

"माह्यापाशी. घरी."

"अजी, घराले शिक्का राह्यते काय? चौथीचा तरी दाखला आणा. त्याबिगर फॉर्म घेता येत नाई."

मास्तर मुलाला घेऊन तीन मुख्याध्यापकांकडे गेले. "याची परीक्षा घ्या. आत्ता घ्या, माह्यासमोर घ्या," असं प्रत्येकाला म्हणाले. एकाने खरंच घेतली. धडा वाचून घेतला, व्याज काढायला लावलं, मुलगा हुशार आहे म्हणाला आणि हात जोडले. चर्चच्या पाळकांनी पत्र दिलं, ते कारकुनाने घेतलं नाही. बाप्तिस्म्याचा दाखला घेतला, पण तो जन्मतारखेपुरता. मुदतीला पाच दिवस उरले. मास्तरांनी हातातली कामं बाजूला ठेवली. पुस्तकाची पाठ अंगठ्याने दाबून शिवण पाहायची त्यांची सवय होती. त्या दिवसांत ते नुसतेच बसलेले असत आणि अंगठा गुडघ्यावर दाबत.

त्यांची बायको एरवी माझ्यासमोर फारशी बोलत नसे. त्या आठवड्यात बोलली. "तुमचं खरं तुमच्यापाशी ठेवा जी. पोट्ट्याचं वय चाललं."

दुसऱ्या दिवशी पहाटेच्या गाडीने मास्तर तळेगावला गेले. ज्या शिक्षकाने तेव्हा खोटी हजेरी भरली होती, तोच आता त्या शाळेचा मुख्याध्यापक होता. मास्तर दोन दिवसांनी परतले आणि घरी जाण्याआधी माझ्याकडे आले. बसले नाहीत. कागद पुढे केला. दानिएल त्या शाळेत चार वर्षं होता, असं त्यावर लिहिलं होतं. अभ्यास चांगला, वर्तणूक चांगली. खाली सही, शिक्का.

"त्यानं लिहिलं?" मी विचारलं.

"त्याच्या हातानं. सांगितलं मी."

फॉर्म भरायला त्यांनी मला घरी बोलावलं. सगळे रकाने मी भरले. मुलाची सही तेवढी राहिली. दानिएलने दाखला वाचला, पुन्हा वाचला.

"पप्पा, हे गाव मी पाह्यलंच नाई."

"तू तान्हा होतास."

"शाळेत तर नव्हतो ना?"

"नाई. सई कर, बाबू."

"कर रे बेटा," आई म्हणाली. "देव समजून घेईन."

"देवाले मधात आणू नको," मास्तर म्हणाले. "हे माहं पाप आहे. तू फक्त सई कर."

"सई तर माहीच राहीन ना, पप्पा."

मास्तरांनी मुलापुढे हात जोडले. बराच वेळ जोडलेले होते. दानिएलने पेनाला टोपण लावलं, पेन माझ्या हातात दिलं आणि बाहेर जाऊन खळ ढवळू लागला. धाकटा दारात उभा राहून दोघांकडे आळीपाळीने पाहत होता.

दिवाळीनंतर दानिएल हिंगणघाटला त्याच गिरणीत रोजंदारीवर लागला. तो कापसाच्या गाठी उचलत असे. फोरमनने एकदा निरोप पाठवला की जूनपर्यंतची मुदत अजून आहे.

मास्तर तळेगावला आणखी तीनदा गेले. दाखल्यासाठी रजिस्टरात घातलेलं दानिएलचं नाव काढा, एवढंच त्यांचं मागणं होतं. "दोन वर्सांत रिटायर होतो, मास्तर. खाडाखोड दिसली तर नोकरी जाईन. तुमीच आलते ना माह्याकडे?" मुख्याध्यापक म्हणाला. मास्तरांनी हे मला जसंच्या तसं सांगितलं. मग म्हणाले, "वर कळवलं तर त्याची भाकर जाते. नाई कळवलं तर मले पोट्ट्यासमोर बसता येत नाई. सांगा भाऊ, काय करू?"



संध्याकाळी पहिला नंबर अजूनही त्यांचाच असे. ते रोज दाखल्याचंच सांगत, असं त्यांच्या बायकोने मला नंतर सांगितलं. सुरुवातीला ती रडायची, पुढे भाकरी थापत राहायची.

१९८२ च्या जूनमध्ये त्यांनी धाकट्याला हाताला धरून शाळेत नेलं. तो बारा वर्षांचा होता. त्याला नऊ वर्षांच्या मुलांत चौथीला बसवलं. त्याच महिन्यात दानिएलचं वय उलटलं. घरची सकाळची पाटी बंद झाली. मास्तर एकटेच स्तोत्र वाचत. त्यांचा आवाज भिंतीपलीकडून ऐकू यायचा, मग तोही येईनासा झाला.

१९८४ च्या जानेवारीत छातीच्या दुखण्याने ते गेले. आमच्या साप्ताहिकाची आदल्या वर्षाची फाईल त्यांच्या घरून न शिवलेली, सुटीच परत आली. दानिएल मातीला आला, तीन दिवस राहिला आणि कामावर परत गेला.

त्या सप्टेंबरात तो सुटी काढून माझ्याकडे आला. दहावीचा नवा फॉर्म त्याने सोबत आणला होता. या वेळी सगळे रकाने त्याने स्वतःच भरले. आधीच्या शाळेचे नाव, या रकान्यात त्याने वडिलांचं नाव लिहिलं आणि खाली सही केली.

ऑक्टोबरात फॉर्म टपालाने परत आला. त्या रकान्याखाली लाल शाईची रेघ होती.