फटीतली नथ

तुळजाबाई कातारीण सवाष्ण की विधवा, हा प्रश्न कसब्यातल्या बायकांना तिच्यापेक्षा जास्त छळायचा. मी तांबटीण, तिच्या घराला भिंत लागून राहणारी. आमच्याकडं दिवसभर हातोड्यांची ठाणठाण. पण त्यातूनही या बायांची कुजबुज मला बरोबर ऐकू यायची!

तिचा नवरा भैरू उत्तरेला निघालेल्या फौजेबरोबर तंबूंचे खुंटे कातायला गेला. पानिपतावर काय झालं ते साऱ्या पुण्याला ठाऊक. कुणाचा निरोप आला, कुणाचं पागोटं आलं. भैरूचं काहीच आलं नाही. मेला म्हणावं तर कुणी पाहिलेलं नाही, जिवंत म्हणावं तर दारात नाही. आमच्यात पाट लावतात, म्हणजे बाईचं दुसरं लग्न करतात; तीही सोय लोकांनी सुचवून पाहिली. ही म्हणाली, "आधीचा सुटलाय का?" झालं! कपाळाचं कुंकू आणि नाकातली नथ तशीच राहिली.

कातकाम दोघांचं असतं. लाकूड दोन लोखंडी टोकांत अडकवायचं आणि त्याला दोरीचा वेढा द्यायचा. एकानं दोरी पुढंमागं ओढली की लाकूड फिरतं, दुसऱ्यानं त्याला पटाशी लावायची. भैरू पटाशी धरायचा, ही दोरी ओढायची. तो गेल्यावर ही सरळ त्याच्या जागेवर जाऊन बसली. आणि तिच्या जागेवर कोण? मी! बाईमाणसानं पटाशी धरावी का, म्हणून आळीनं नाकं मुरडली. लाटणी घ्यायला मात्र तीच नाकं हिच्या दारात. पुढं तिची लेक मैना हाताशी आली, तेव्हा माझे खांदे सुटले.

मैनाचं लग्न ठरलं येरवड्याच्या मुक्ताबाईच्या लेकाशी. लग्नाआधी घाणा भरतात, म्हणजे दोन मुसळं आंब्याच्या पानांनी एकत्र बांधून सवाष्णी उखळात हळकुंडं कांडतात. कातार्‍याच्या घरी ती मुसळं घरचीच हवीत, नवी कातलेली. मुहूर्त अलीकडचा निघाला, आणि तुळजानं घाईघाईत ओली बाभूळ कातली. भैरू असता तर ओरडला असता.

घाण्याला सवाष्णी जमल्या आणि तुळजानं मुसळाला हात घातला. मी मनात म्हटलं, बाई गं, हात दाखवून अवलक्षण कशाला? पण लेकीच्या घाण्याला आईनं मागं का राहायचं? दुसऱ्याच घावाला काडकन आवाज झाला आणि तिच्या हातातलं मुसळ उभं चिरलं.

मुक्ताबाई उठून उभी राहिली. म्हणाली, "विहीणबाई, मला वाईट बोलायचं नाही. पण माझा एकुलता एक लेक आहे. मला भीती वाटते हो. ती नथ आणि कुंकू उतरवा, नाहीतर आम्ही निघालो."

मी उसळले, "अहो, ओलं लाकूड होतं! ओलं लाकूड फाटतं, ते काय कुणाचं नाक बघून फाटतं?"

"तू गप्प बैस," तुळजा म्हणाली. "बाभूळ ओली होती, चूक माझीच आहे." मग तिनं मैनाकडं पाहिलं. हिरव्या चुड्यातली ती पोर भिंतीला चिकटून उभी होती. तुळजानं पदरानं कपाळ पुसलं, नथ काढली, आणि ती हातात धरून तशीच उभी राहिली.

मुक्ताबाईनं हलकेच म्हटलं, "मैनाच्या नाकात घाला."

"ती माझी आहे," तुळजा म्हणाली.

दुसऱ्या दिवशी मला हाक आली. बघते तर बाईनं त्याच मुसळाचा वीतभर तुकडा कापून ठेवलेला.

"अगं, फुटकं लाकूड फिरवतात का? उडून कपाळात बसेल!"

"बसू दे. कपाळ मोकळंच आहे आता."

मी दोरी धरली. तिनं वरच्या फुटक्या भागाला ओल्या सुतळीचे आवळून वेढे दिले आणि खालचा भाग आधी कातला: पसरट बैठक, बारीक कंबर. मग सुतळी सोडली आणि वरचा भाग असा कातला की पटाशी लाकडाला नुसती चाटत होती. मी श्वास धरून हळूहळू ओढत होते. फिरत्या लाकडावर तिनं तांबड्या लाखेची कांडी टेकली; लाख वितळून पसरली आणि केवड्याच्या पानानं घासल्यावर चमकायला लागली.

"फट बुजव की लाखेनं," मी म्हटलं.

"मग नथ कुठं राहील?" तिनं नथीची तार त्या फटीत सरकवली. मोती बाहेर, तार आत. नथ ताठ उभी राहिली.

रुखवतात कुरडया-पापडांच्या मधोमध तिनं ती मांडली. मुक्ताबाईनं विचारलं, "हे काय?"

"नथ. टाकलेली नाही, ठेवलेली आहे. ते आले की घालेन."

मुक्ताबाईनं करंड्यातलं कुंकू बोटावर घेऊन त्या लाकडाला लावलं आणि ती पानावर जाऊन बसली. लग्न पार पडलं आणि नथ परत तुळजाच्या घरातल्या फळीवर गेली.

मैना गेली आणि दोरी पुन्हा माझ्या गळ्यात आली. आम्ही दोघी म्हाताऱ्या होईतो कातत राहिलो. भैरू आला नाही. आम्ही त्याचं नावही काढायचो नाही. मला वाटलं, बाईनं मनातून सोडलं असेल.

परवा तुळजा गेली. न्हाऊ घातल्यावर बायका अडल्या, हिला हिरवं नेसवायचं की पांढरं? मेल्यावरही तोच प्रश्न, मेलं! मी कुणाला न विचारता फळीवरून नथ काढायला गेले. नथीशेजारी त्या फटीत कडुलिंबाची एक बारीक काडी खोवलेली होती, वापरून वापरून गुळगुळीत झालेली. नाकाचं भोक बुजू नये म्हणून मुली घालतात तसली. एवढी वर्षं ही बाई रोज दार लावून ती काडी नाकात घालत होती, आणि मला, भिंतीपलीकडच्या मला, पत्ता नाही!

नथ एका झटक्यात तिच्या नाकात गेली.

मी रडत रडत मागं वळले. मुक्ताबाई दारात उभी होती. आता तिचीही कंबर वाकली होती. हिरवं लुगडं तिनंच आणलं होतं.