वॅलेन्सियातल्या भिंतीवरचे खिळे

अबूधाबीजवळ मोहम्मद बिन झायद सिटीतल्या आमच्या भाड्याच्या घरात भिंतीला एकही खिळा नव्हता. खिळा ठोकला की घर सोडताना डिपॉझिटमधून पैसे कापतात. त्यामुळे सासऱ्यांनी काढलेलं हर्णै बंदराचं चित्र बुटक्या कपाटावर भिंतीला टेकून उभं असायचं. ऑगस्टमध्ये आम्ही विमानतळावर जायला निघालो, तेव्हा माझ्या नवऱ्याने, सुहासने, दिवे बंद करता करता ते सरळ केलं.

स्पेनमधल्या वॅलेन्सियात घर घ्यायचं की नाही, हे ठरवायला आम्ही निघालो होतो. २००८च्या मंदीनंतर सुहासच्या ऑफिसातली काही कुटुंबं बघता बघता देश सोडून गेली होती. अबूधाबीत नोकरी गेली की व्हिसा जातो, आणि व्हिसा गेला की घर. ठाण्याचा फ्लॅट आम्ही भाड्याने दिलेला. निवृत्तीनंतर वर्षातले काही महिने राहता येईल, असं आणखी एक घर सुहासला हवं होतं. स्पेनमध्ये घरांचे भाव कोसळले होते, आणि एका ट्रेनिंगच्या निमित्ताने त्याने हे शहर पाहिलं होतं. "समुद्र आहे आणि लोक दुपारी भात खातात," तो म्हणाला होता. "अजून काय पाहिजे आपल्याला?"

शहराने पहिल्याच दिवशी त्याची बाजू घेतली. एका जुन्या महापुरानंतर इथल्या लोकांनी नदी शहराबाहेरून वळवली आणि कोरड्या पात्रात बाग केली. दगडी पूल जागच्या जागी आहेत. खालून पाण्याऐवजी सायकली जातात. आमची लेक ईरा कठड्यावरून वाकून म्हणाली, "बट बाबा, व्हेअर इज द रिव्हर?"

"वळवली," सुहास म्हणाला. जणू त्यानेच वळवली होती.

मोठ्या बाजाराच्या घुमटाखाली माकुळ आणि झिंगे बर्फावर मांडून ठेवले होते. केशर विकणाऱ्या बाईने पैसे न घेता ईराच्या हातावर चार काड्या ठेवल्या. आम्ही ओर्चाता (चुफा नावाच्या बारीक कंदाचं दुधासारखं थंड पेय) प्यायलो. संध्याकाळी मात्र फसलो. सातला भूक लागली, तर वेटर म्हणाला, स्वयंपाकघर साडेआठनंतर उघडेल, आणि भात फक्त दुपारी मिळतो. आम्ही बाकावर बसून पिशवीतला चिवडा संपवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी घर पाहायला गेलो. रस्त्यावरच्या बहुतेक खिडक्यांच्या पर्सियाना (वरून खाली येणाऱ्या पट्ट्यांच्या झडपा) बंद होत्या. बेकरीच्या दारावर सुट्टीची पाटी होती.

आंद्रेस या बांधकाम अभियंत्याचं ते घर. मंदीत त्याचं काम बंद पडलं होतं. त्याची आई काळा चष्मा कपाळावर चढवून दारात उभी होती. घर तिसऱ्या मजल्यावर, उजेडाचं, पायाखाली नक्षीच्या फरशा. दिवाणखान्यातल्या भिंतीवरची चित्रं उतरवून ठेवली होती. खिळे तसेच होते. सुहासने त्यातल्या एकावर बोट टेकवलं.

"बघ," तो मला म्हणाला, "कुणाला विचारायला नको."

युरोचे दिरहम आणि दिरहमचे रुपये त्याने माझ्यासमोर मोठ्याने करून दाखवले. आकडा जमण्यासारखा होता. माझीही ना नव्हती.

आईने काहीतरी विचारलं. आंद्रेसने इंग्रजीत सांगितलं, "ती विचारतेय, तुम्ही कधी राहणार?"

"सध्या ऑगस्टमध्ये," सुहास म्हणाला. "मुलीला सुट्टी तेव्हाच असते."

आई हसली. आंद्रेस म्हणाला, "ती म्हणते, ऑगस्टमध्ये इथे तुमच्याशी बोलायला कोणी नसेल. सगळे गावी जातात. तीसुद्धा बहिणीकडे जाते; या वर्षी तुमच्यासाठी थांबली."

"विकल्यावर आई कुठे राहणार?" मी विचारलं.

"त्याच बहिणीकडे. मी तुमच्या अबूधाबीकडेच येतोय. रुवैसला, रिफायनरीच्या कामावर. दोन वर्षं फक्त."

सुहासने खिळ्यावरचं बोट काढलं. "दोन वर्षं," तो म्हणाला. "मीही दोनच वर्षांसाठी आलो होतो. ही तिथेच जन्मली. पुढच्या वर्षी हायस्कूल."

"सो एम्बॅरसिंग," ईरा पुटपुटली.

"तिथे सगळे दोनच वर्षांसाठी येतात," सुहास बोलत राहिला. "विकायची घाई करू नका. पगार सुरू होऊ दे. आईला इथेच राहू द्या. नाहीतर सुट्टीत याल तेव्हा स्वतःच्या गावात हॉटेल शोधाल."

"पण तुम्ही तर घ्यायला आलात," आंद्रेस म्हणाला.

"हो ना. बायको आता मला बघून घेईल."

आईने मुलाची बाही ओढली. त्याने सगळं सांगितलं. ती आत गेली, दारामागून संत्र्याच्या बागेचं एक चित्र घेऊन आली आणि सुहासच्या खांद्याशेजारच्या खिळ्याला अडकवलं. मग आम्हाला जेवायला बसवलं. भात होता, सशाचं मटण आणि चपट्या शेंगा घातलेला. कढईच्या तळाशी धरलेली खरपुडी तिने ईराला वाढली.

जिना उतरताना मी सुहासला म्हटलं, "घर बघायला आलास की मोडता घालायला?"

"घर चांगलंच आहे गं," तो म्हणाला. "पण त्यात माणूस आहे."

अबूधाबीत विमानतळाबाहेर पाऊल टाकताच चष्म्यावर वाफ धरली. त्या आठवड्यात सुहास मुसाफाच्या एका हार्डवेअरच्या दुकानात गेला. मी सोबत होते. त्याने हातोडी मागितली.

"भाडे का घर है?" मल्याळी दुकानदाराने विचारलं.

"हां."

"डिपॉझिट कटेगा, भाई."

"कटने दो."

आंद्रेस ऑक्टोबरमध्ये रुवैसला रुजू झाला. घर विकलेलं नाही. आई वॅलेन्सियात त्याच घरात आहे. इतक्या देखण्या शहरातून आम्ही रिकाम्या हाताने परतलो, असं मात्र मला वाटत नाही. आता हर्णै बंदर आमच्या दिवाणखान्यात भिंतीवर आहे. खिळा किंचित तिरका बसला आहे. निघायची वेळ आली की तो उपटून भोक बुजवावं लागेल. ते तेव्हा बघू.