बागताईंचा पोटशूळ

दवाखान्याच्या मागच्या आवारात वाफे होते, ओळीने मांडलेल्या कुंड्या होत्या. तिथे एक ताई आजारातून उठलेल्या माणसांना माती, रोपं, पाणी यांच्या नादी लावायच्या आणि त्यांचे हात आणि मन पुन्हा वळणावर आणायच्या. सगळे त्यांना बागताई म्हणत. या कामाचं रीतसर शिक्षण घेतलेल्या तिथे त्या एकट्याच, आणि हे त्या कुणाला विसरू देत नसत.

शिंपीणबाई आल्या तेव्हा पक्षाघाताने त्यांच्या उजव्या हाताची मूठ मिटली होती. बागताईंनी सात आठवडे जिवाचं रान केलं. माती कालवून झाली, बिया टोचून झाल्या, शेजारी बसून मनातलं बोलून झालं. बाई घडाघडा सगळं सांगत. बोटं मात्र ढिम्म.

आठव्या आठवड्यात एकदा बागताई मीटिंगहून परतल्या, तर माळीकाका टोमॅटोच्या रोपांना काठ्या लावत होते आणि शिंपीणबाई सुतळीने रोप बांधत होत्या. उजव्या हाताने!

"ही काय गाठ झाली?" काका खेकसले. "जन्मभर शिवणकाम केलंत ना?"

"आधी तुमच्या शर्टाचं बटण बघा, लोंबतंय!" म्हणत बाई खदखदून हसल्या.

बागताईंनी शाबासकी दिली, पण पोटात भडका उडाला होता. सात आठवडे मी खपले आणि मान या सुतळीवाल्याला! घरी नवरा म्हणाला, "बरं झालं की, बाई सुधारल्या." त्यांनी त्याच्या पानात भाजी आपटून वाढली.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मोठ्या डॉक्टरांच्या कानावर घातलं, "उपचारात माळ्याची लुडबूड होते." काकांची रवानगी पुढच्या फाटकापाशी झाली.

शिंपीणबाईंनी तीन दिवस वाट पाहिली. चौथ्या दिवशी बागताईंनी सुतळी पुढे केली, तर बाईंचा हात मांडीवरून हलेना.

"चुका कोण काढणार आता? तुम्ही मेलं सारखं छानच म्हणता."

हे मात्र वर्मी लागलं. बागताई तडक फाटकाशी गेल्या. काका कुंपण छाटत होते.

"काका, मागे चला. तक्रार मीच केली होती. मला बघवलं नाही."

कात्री थांबली. "ते कळलं होतं मला. पण मलाही कुठे बघवतं, मॅडम? तुमच्याशेजारी बसलं की माणूस आतलं सगळं बोलतं. माझी लेक फोनवर 'बरी आहे'च्या पुढे जात नाही."

काका परत आले आणि रोज खेकसू लागले. बागताई दात आवळून ऐकत राहिल्या. महिनाभरात गाठी घट्ट बसू लागल्या, मग एक दिवस सुईत दोराही ओवला गेला. घरी जाताना बाईंनी काकांना भरपूर खिशांचा एप्रन शिवून दिला. बागताईंचे हात धरून त्या खूप रडल्या, हेही खरं.

पण त्यांची रिक्षा वळताच बागताईंनी काकांच्या अंगावरच्या एप्रनचा काठ उलटून पाहिला, कुठे टाका चुकलाय का म्हणून.

एकही चुकला नव्हता.